बाणाच्या टायरांचा पायगुण

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन नव्या वस्तू आल्या, एक ट्रक आणि एक मी. ट्रक माझ्या तीन दिवस आधी आला. न्यायानं पाहिलं तर ही गोष्ट पुढे माझ्या बाजूनं धरली जायला हवी होती, पण सासरी न्यायानं कोण पाहतं.

सासर धरणगावापासून तीन कोसांवर. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात निघत. त्यातला एक छोटा, चार चाकांचा ट्रक सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, उचलला होता. हिरवा रंग जागोजाग उडालेला, आणि हॉर्न असा की तो ऐकून म्हशी बाजूला व्हायच्या ऐवजी थांबून बघायच्या. लग्न लागल्यावर मला त्याच ट्रकमधून गावात आणलं. पुढे मी, मागे वऱ्हाड आणि वऱ्हाडाच्या मधोमध पाण्याचं पिंप.

तिसऱ्या दिवशी म्हैस आटली. आठव्या दिवशी विहिरीचा दोर तुटला आणि नवीकोरी बादली तळाला गेली. मग धाकटे दीर मॅट्रिकला नापास झाल्याचं कळलं. पेपर त्यांनी माझ्या लग्नाआधी लिहिले होते, पण निकाल माझ्या पावलानंतर लागला ना. सासूबाईंना सारं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायची. त्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगायच्या, "हाई पोरना पाय घरमा पडना नि म्हैस आटनी." पायगुण म्हणतात तो हाच. सून उंबऱ्यातून आत आली की पुढे वर्षभर घरात जे होईल ते तिच्या पावलांच्या नावावर. त्यातही बरं झालं तर देवाची कृपा आणि वाईट झालं तर सुनेचा पाय, अशी वाटणी आधीच झालेली.

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. आमच्याच आळीत दोन घरं सोडून एका सुनेला "जरा माहेरी राहून ये" म्हणून पाठवलं होतं. तिला आणायला कुणी गेलंच नाही. चार वर्षं झाली होती. तिची ट्रंक अजून सासरीच पडून होती, असं बायका हळू आवाजात सांगायच्या. माझं माहेर धुळ्याचं. वडील शाळेत मास्तर, आणि माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. मी परत गेले असते तर त्या दोघींकडे कुणी वळून पाहिलं नसतं. तेव्हा मला त्या घरात टिकायचंच होतं. आवडतं म्हणून नव्हे, आवडण्यासारखं अजून काही दिसलंच नव्हतं. एक नवरा होता, पण तो आईसमोर असला की दिसेनासा व्हायचा.

ट्रकचं मात्र घरात फार कौतुक. आणि खरं सांगते, कामही तो तसंच करायचा. कापूस जिनात न्यायचा, कडबा आणायचा, रावेरच्या आतेसासऱ्यांची केळी स्टेशनावर पोचवायची, कुणाचं वऱ्हाड, कुणाचा आजारी माणूस, शाळेची बाकं, एकदा तर तमाशाचा अख्खा फड. गावात कुणाचंही काही हलवायचं असलं की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत. फक्त त्याचे टायर पार गुळगुळीत झाले होते. आमचं गाव ते डांबरी सडक यांच्यामध्ये होती ती गाडवाट, आणि गाडवाट म्हणजे दोन शेतांच्या मधली ती जागा जिथं कुणी पेरलेलं नसतं. हल्ली रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती पाहते तेव्हा हसू येतं. आम्हाला सोडायला आधी रस्ता मिळायला हवा होता.

ट्रकवर ड्रायव्हर होता तो धुळ्याचा, मुसलमान, पन्नाशीचा. त्याला सगळे चाचा म्हणत. बोलणं कमी, पान जास्त. त्या घरात माझ्याशी माझ्या गावचं बोलणारा तो एकटा. मला तो 'बेटी' म्हणायचा. सासरी मला तोवर 'हाई' आणि 'ती' या दोनच नावांनी ओळखत होते, त्यामुळे ती हाक ऐकली की मला उगाच भरून यायचं.

आषाढात नव्या सुनेनं माहेरी राहायचं असतं, तशी मी धुळ्याला गेले. महिना संपला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. न्यायला येतात की नाही? आले. आबा, आमचे हे आणि चाचा, तिघं ट्रक घेऊन दारात हजर. आईनं देवापुढे साखर ठेवली. मग कळलं की ते मुळात टायर घ्यायला धुळ्याला आले होते. आलोच आहोत तर सूनही नेऊ, असा हिशेब. एका खेपेत दोन कामं.

दुकान आग्रा रोडला होतं. पत्र्याच्या छपराखाली जुन्या-नव्या टायरांच्या उतरंडी. मी ट्रकमध्ये पुढे ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते आणि समोरचं सगळं मला दिसत होतं. आबा तालुक्यातले नावाजलेले बैलपारखी. कुणाला जोडी घ्यायची असली की त्यांना बाजाराला घेऊन जात. दात, खूर, वशिंड, अंगावरचे भोवरे, सगळं पाहून ते सांगत हा बैल घरात न्यावा की नाही. टायरही त्यांनी तसेच पाहिले. एकेकाला थाप मारली, वास घेतला, एकाला तर कान लावला. दुकानदार चक्रावला. भावाची वेळ आली तेव्हा आबांनी बैलबाजारातल्या रीतीनं उपरणं पुढे करून त्याखाली हात सरकवला, बोटं दाबून भाव ठरवायला. दुकानदाराला वाटलं म्हातारा हात मिळवतोय. त्यानं प्रेमानं तो दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, घरचे सगळे बरे ना?

आबा टायरांभोवती फिरत होते आणि मला माझ्या बघण्याचा दिवस आठवत होता. मलाही त्यांनीच पसंत केलं होतं. "चाल बरं पोरी, दारापर्यंत जाऊन ये," म्हणाले होते, आणि माझी ओली पावलं शहाबादी फरशीवर कशी उमटतात ते वाकून पाहिलं होतं. तळवा सपाट नाही ना, एवढंच बघायचं होतं. नव्हता. पास झाले.

दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक सरळ रेघांचे टायर, डांबरी सडकेसाठी. ते आमच्या ह्यांना आवडले, कारण जळगावला तसेच सगळ्या मोटारींना असतात. दुसरे लष्करी, अंगावर चौकोनी गोट्या असलेले. आणि तिसरे, ज्यांच्यावर जाड रबराचे बाण होते. मधोमध टोक आणि दोन्ही बाजूंना फाकलेले पंख. चाचा म्हणाला, "आबा, आपल्या काळ्या मातीला हेच घ्या. टोक आधी टेकतं, मग पंख. चिखल दोन्ही बाजूला फेकत जातं." आबांनी त्याचं बोलणं ऐकलंच नाही. ते बाणाकडे पाहत होते. दोन पंख आणि मधे फट. "ह्याले खूर शेत," ते म्हणाले. "बाकीना बठ्ठा बोडका." म्हणजे यालाच खूर आहेत, बाकीचे सगळे बोडके.

अशी आबांनी चुकीच्या कारणासाठी बरोबर निवड केली. चार टायर तिथंच चढवले. सोनगीरचा किल्ला मागे पडला तरी आबा मधूनमधून खिडकीतून वाकून चाकाकडे पाहत होते, नव्या जोडीच्या चालीकडे पाहावं तसे. मीही पाहिलं. त्या प्रवासात माझ्याकडे कुणी वाकून पाहिलं नाही, ते एका परीनं बरंच झालं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या लोकांना सांगायचं तर ही आमची पाहुणी देवी. रविवारी घरात येते, सोमवारी निघते, आणि तेवढ्यासाठी सगळी भाऊबंदकी एका छपराखाली जमते. त्याच्या आदल्या शुक्रवारी गाय व्याली आणि वासरू दगावलं. मी गोठ्याकडे फिरकलेही नव्हते. संध्याकाळी चुलीशी बसले होते तर माजघरातून अक्कांचा आवाज आला. आबांना सांगत होत्या, "कानबाई उठनी का वहूले धुयाले धाडी द्या. मंग दखू."

सुनेला धुळ्याला धाडा आणि मंग दखू. म्हणजे पुढचं पुढे बघू. आळीतल्या त्या दुसऱ्या सुनेलाही याच शब्दांत पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. भाकरी तव्यावर करपली, आणि त्याबद्दल बोलणी बसली ती वेगळीच.

शनिवारी अंगण सारवलं. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत देवीची पावलं काढायचं काम माझ्याकडे आलं. अक्का डोक्यावर उभ्या. पावलं आत येणारी हवीत, बोटं घराकडे. दुपारी चाचा ट्रक घेऊन आला आणि सारवलेल्या ओल्या अंगणातून एका कडेनं ट्रक आत घेऊन उभा केला, आणि बादली घेऊन चाकं धुवायला लागला. मी रांगोळीची पावलं काढत काढत त्या चाकोरीजवळ आले आणि माझा हात थांबला.

माझ्या पावलांची बोटं घराकडे होती. ट्रकच्या ठशातले बाण फाटकाकडे होते. एकामागोमाग एक, शहाण्यासारखे रांगेत, सगळे घराबाहेर निघालेले.

का ते मला दोन मिनिटांत कळलं. मास्तरांची मुलगी मी. टोक आधी टेकतं, पंख नंतर, म्हणजे गाडी पुढे जाते तसं टोक मागे राहतं. गाडी घरात आली की ठसा बाहेर बोट दाखवणारच. त्यात पाप नाही की पुण्य नाही. हे सगळं मला नीट समजलेलं होतं, आणि समजलेलं असूनही मी रांगोळीची वाटी खाली ठेवली, डोळे मोठे केले आणि म्हणाले, "अक्का, ही बघा ना ट्रकची पावलं. घरात आला तरी बाहेर चाललेली दिसतायत."

अक्का वाकल्या. कमरेवर हात ठेवून फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. मी आणखी म्हणाले, "माझ्या आधी तीन दिवस आला होता ना हा?" खरं तर बाणाचे टायर आषाढाअखेर आले होते. म्हैस आटली तेव्हा ट्रकला कसलीच पावलं नव्हती, गुळगुळीत चाकं होती. पण तेवढं कोण बघतंय. आणि मी ते फार भोळ्या आवाजात बोलले. चाचा चाक धुता धुता थांबला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत धुवायला लागला.

अक्कांनी आबांना गाठलं आणि हे आपलंच डोकं म्हणून सांगितलं. आबा आधी हसले. "टायर मोटारना पाय शेत का?" "मंग काय हात शेत?" अक्का म्हणाल्या. इथं आबा स्वतःच्याच बोलण्यात अडकले, कारण त्या टायरांना खूर आहेत असं ते स्वतःच गावभर सांगून आले होते. शिवाय भोवरा उलटा असलेला बैल त्यांनी जन्मात दारात बांधला नव्हता. ते विचारात पडले. आमचे हे नेहमीप्रमाणे दिसेनासे झाले.

चाचानं समजावून पाहिलं. बाण असेच असतात, उलटे बसवले तर चिखल बाहेर फेकायच्या ऐवजी मधे गोळा करतील. मग त्यानं एक तोड काढली. टायर राहू द्या, मी घरात येताना ट्रक मागे चालवत आणीन, ठसे आपोआप घराकडे पडतील. मला ते ऐकून कौतुक वाटलं त्याचं. पण अक्का कडाडल्या. उलट्या पावलांनी घरात कोण येतं? भूत. ऐन कानबाईच्या तोंडावर दारात भूत आणायचं का? विषय संपला. डावीकडची चाकं उजवीकडे, उजवीची डावीकडे, म्हणजे बाण उलटे. चाचानं दुपार घालवून ती अदलाबदल केली. संध्याकाळी ट्रक फाटकाबाहेर नेऊन पुन्हा आत आणला. सगळे बाण घराकडे. अक्कांनी ट्रकच्या चाकांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं. माझ्या गृहप्रवेशाला एवढं झालं नव्हतं.

ट्रक बाहेर गेला की ठसे उलटे पडणार, ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली. म्हणून ट्रक गेला की अंगण झाडायचं. पण माणूस घराबाहेर पडल्याबरोबर केर काढायचा नसतो, ते अशुभ. म्हणून ट्रक गावाची शीव ओलांडेपर्यंत थांबायचं, हॉर्न ऐकू येईनासा झाला की झाडायचं. हे काम अर्थात माझं. सकाळी खराटा हातात घेऊन मी हॉर्नकडे कान लावून उभी राहायची. पण मी ते खुशीनं करायची हो. कारण कानबाई उठली, सोमवार गेला, मंगळवार गेला, आणि मला धुळ्याला पाठवायचं नाव कुणी काढलं नाही.

त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात दुसरी म्हैस व्याली आणि भरपूर दूध द्यायला लागली. झालं. दोष माझ्या पावलांचा नव्हताच, मोटारच्या पावलांचा होता, हे गावात पसरलं. अक्का मला नावानं हाक मारायला लागल्या. शेजारणी येऊन ट्रकचे ठसे बघून जायच्या. एकीनं तर आपल्या बैलगाडीच्या लोखंडी धावेवरही असं काही करता येईल का, म्हणून विचारलं. मला वाटलं, बघा, शिकलेलं कुठंतरी उपयोगी पडलं.

ट्रक मात्र रुतायला लागला. आधी एकदा, मग दोनदा. अक्का म्हणाल्या, नवी पावलं आहेत, अंगवळणी पडायला वेळ लागेल. भाद्रपद लागला तेव्हा चाचा एके दुपारी मागच्या दारी आला. मी धुणं वाळत घालत होते. तो दोन हात दूर उभा राहिला आणि म्हणाला, "बेटी, हे टायर चिखल सोडत नाहीत, धरून ठेवतात. एखाद दिवशी घात होईल. माझं कुणी ऐकत नाही. तुझं आता ऐकतात. तू अक्कांना सांग."

मी म्हणाले, "बघते." आणि काही केलं नाही. काय सांगणार होते? मला त्या दिवशी सगळं माहीत होतं, असं सांगणार होते? धुणं वाळत घातलं आणि घरात आले.

नंतर आठ दिवसही झाले नसतील. आबांचा एक बैल होता, पांढरा, उंच, पोळ्याला गावात पहिला मान त्याचा. आबा पोटच्या पोरांपेक्षा त्याच्याशी जास्त बोलायचे. पावसाची झड लागली होती, तो सुटला आणि ओल्या कोवळ्या चाऱ्यात शिरला. सकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गावठी औषध झालं, तेल पाजून झालं. गुरांचा डॉक्टर धरणगावला. पाचजणांनी बांधाच्या उंचवट्यावरून बैल ट्रकमध्ये चढवला, आबा त्याच्या गळ्याला हात टाकून मागे उभे राहिले आणि ट्रक निघाला.

गावाखालच्या नाल्यापाशी रुतला. आम्ही सगळे धावलो, बायकासुद्धा, गोणपाटं आणि दोर घेऊन. मी पोचले तेव्हा चाक जागच्या जागी फिरत होतं आणि त्यावर बाण दिसतच नव्हते. काळ्या चिखलानं ते सगळं भरून निघालं होतं, नुसता एक गोल, गुळगुळीत गोळा झाला होता. चाचा खाली उतरून हातांनी चिखल ओरबाडून काढायचा, परत वर चढायचा, चाक दोन फेरे फिरायचं की परत भरायचं. त्याची बोटं सोलली होती. मी गोणपाट चाकाखाली सारत होते. आबा वरून एकच विचारत होते, "निंघनी का? निंघनी का गाडी?" मग त्यांनी विचारायचं सोडलं. आम्ही वर पाहिलं तेव्हा बैलाची मान त्यांच्या मांडीवर होती.

ट्रक बैल जुंपून काढावा लागला. चार जोड्या लावल्या. त्यात मेलेल्या बैलाचा जोडीदारही होता. आबांनी स्वतःच त्याला जुंपला आणि जुंपताना ते मोठ्यानं रडले. मी आबांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि त्या रडण्याचं कारण मी होते. मला उलटी आली. शेजारीण म्हणाली, दिवस गेले असतील.

संध्याकाळी आबांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. चाचाला विचारलं, ट्रक का नाही निघाला? त्यानं खरं ते सांगितलं, टायर उलटे बसवले म्हणून. आबा म्हणाले, ते मलाही दिसलं. अक्कानं आपलं म्हणून सांगितलं, पण मला हे सांगा, या पावलांचं खूळ मुळात काढलं कुणी? कुणाच्या डोक्यातून निघालं?

अक्कांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांचे ओठ हलले. माझं धुळं मला तिथं, ओट्यापासून दोन हातांवर दिसायला लागलं, आईचं तोंड, बहिणींची तोंडं. आणि तेवढ्यात चाचा म्हणाला, "माझ्या डोक्यातून. अंगणात ठसे मीच दाखवले अक्कांना. गंमत म्हणून बोललो होतो. मग तोंडातून गेलेलं मागे घेता येईना."

अक्का गप्प राहिल्या. खूळ सुनेचं म्हटलं असतं तर त्याला डोक्यावर घेऊन नाचलं कोण, हा पुढचा प्रश्न आला असता. आणि मी गप्प राहिले. तिथं जमलेल्या माणसांपैकी तिघांना खरं माहीत होतं. त्यातला एकच बोलला, आणि तो खोटं बोलला.

आबांनी त्याला दुसऱ्या दिवशी जायला सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत. तोंड बघायचं नाही म्हणाले, एवढंच.

सकाळी जाण्याआधी त्यानं ट्रकची चारही चाकं पुन्हा बदलली. डावीची डावीकडे, उजवीची उजवीकडे. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी मागच्या दारानं चहा घेऊन गेले. मी विचारलं, "चाचा, असं का केलंत?" त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "मला दुसरी गाडी मिळेल, बेटी," म्हणाला. चहा संपवला, बोचकं उचललं आणि गाडवाटेनं सडकेकडे चालत गेला. मला पाया पडायचं सुचलं ते तो नाल्यापलीकडे गेल्यावर.

पुढे ट्रक कधी तसा रुतला नाही. दारात आला की बाण फाटकाकडे पडायचे, आणि अक्का तिकडे पाहायच्या नाहीत. अंगण झाडायचं बंद झालं. अक्का परत कधी माझ्या पायगुणावर बोलल्या नाहीत. आम्हा दोघींमध्ये एक प्रकारचं सख्य झालं, लोक त्याचं कौतुक करायचे. सासू-सुना असाव्यात तर अशा, म्हणायचे. माझ्या दोघी बहिणींची लग्नं झाली. धाकटीचं तर आबांनीच जमवलं.

चाचाचं घर मला माहीत होतं. धुळ्यात, माझ्या माहेरापासून चालत दहा मिनिटं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जायची आणि दर खेपेला ठरवायची की आज जाऊन यायचं. पहिल्या वर्षी पोटुशी होते, उन्हाचं बाहेर कसं पडायचं. दुसऱ्या वर्षी बाळ लहान. तिसऱ्या वर्षी म्हटलं, तो काय घरी असणार आहे, इंदूरच्या फेरीवर असेल. मग कुणीतरी सांगितलं की त्याची नजर गेली, तो आता घरीच असतो. तेव्हा सबब उरली नाही, आणि तरी मी गेले नाही. गेले असते तर त्यानं आवाज ओळखला असता, 'ये बेटी' म्हणाला असता, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला असता. शिव्या दिल्या असत्या तर मी गेलेही असते.